नाममुद्रा आणि मालकी : 'डिव्हाइन' या रॅपगायकाच्या उद्योजकतेचा ऐतिहासिक विचार

१

महाराष्ट्रातील वाणीच्या कलांचा इतिहास आजवर बहुधा रचनेच्या अंगाने लिहिला गेला आहे. कीर्तन, पोवाडा, लावणी आणि नाट्यपद ह्यांचे छंद, रस, विषय व भाषा ह्यांवर विपुल विवेचन झाले आहे. परंतु ह्या वाणीवर जगणाऱ्या माणसाने आपला प्रपंच कसा चालविला, त्याला द्रव्य कोणाकडून मिळाले, आणि त्याने उच्चारलेल्या शब्दांवर अखेर सत्ता कोणाची राहिली, ह्या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. हे प्रश्न केवळ अर्थकारणाचे नाहीत. गाणाऱ्याने काय गावे, कोणासाठी गावे व किती काळ गावे, हे पुष्कळदा त्यांच्या उत्तरावरच ठरत आले आहे.

मुंबईतील रॅपगायक विवियन फर्नांडिस, जे 'डिव्हाइन' ह्या नावाने ख्यातकीर्त आहेत, त्यांचा जीवनक्रम ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. अंधेरीच्या वस्तीत वाढलेला एक तरुण गाऊ लागतो, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करारबद्ध होतो, त्याच्या आयुष्यावरून स्फुरलेला चित्रपट देशभर गाजतो, आणि त्याच वर्षी तो स्वतःची कंपनी काढून इतर गायकांचा व्यवसाय पाहू लागतो. वृत्तपत्रे ह्या प्रवासाकडे दारिद्र्यातून वैभवाकडे झालेली वाटचाल म्हणून पाहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वेगळी शंका येते. गाणारा मालक होणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट आहे काय? आणि ती नवी नसेल, तर ह्या प्रकरणात नवे ते काय?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक दूरचे टोक प्रथम ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. बीडनजीकचा नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे वारकरी क्षेत्र असून भाविक त्यास 'धाकटी पंढरी' म्हणतात. अशा गडावर कीर्तनात जे शब्द उच्चारले जातात ते बहुतांशी शतकांपूर्वीच्या संतांचे असतात. प्रत्येक अभंगाच्या शेवटी रचनाकाराची नाममुद्रा असते. त्यामुळे कर्तृत्व कोणाचे, ह्याबद्दल संदेह राहत नाही. परंतु कर्तृत्वाची ही खूण मालकीची खूण नव्हे. अभंग कोणीही गावा, कोठेही गावा, त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही. इतकेच नव्हे, तर कीर्तन हे विक्रीचे साधन होऊ नये म्हणून कीर्तनकाराने जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही सेवू नये, असा दंडक तुकोबांनी घालून दिला. आचरणात ह्या दंडकाचे काय झाले हा भाग निराळा. आदर्श म्हणून तो आजही सांगितला जातो.

ह्याच गडाच्या परंपरेत आणखी एक गोष्ट दिसते. नारायणगडावर माणिकबाबांच्या सान्निध्यात घडलेल्या भगवानबाबांनी पुढे नवा गड उभारला, आणि तो भगवानगड म्हणून प्रसिद्धीस आला. वाणीच्या बळावर लोकसंग्रह करणारा पुरुष जुन्या संस्थेतून बाहेर पडतो व नवी संस्था निर्माण करतो, हा क्रम म्हणजे केवळ आधुनिक बाजारपेठेची करणी नव्हे, हे ह्यावरून ध्यानी येते. प्रयोजने अर्थातच भिन्न आहेत. गडाची संस्था श्रद्धेवर उभी असते आणि कंपनी नफ्यावर. परंतु वक्त्याच्या पश्चात टिकणारे असे काही उभारता येते की नाही, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे.

२

कीर्तनाच्या उलट, शाहिरीचा संबंध द्रव्याशी आरंभापासून उघड आहे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासास घोडा व सोन्याचा तोडा मिळाल्याचे परंपरा सांगते. उत्तर पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर आदींना दरबारचा व सरदारांचा आश्रय लाभला. १८१८ नंतर हा आश्रय आटला, आणि गाणाऱ्याला आपला आश्रयदाता गर्दीत शोधावा लागला. जत्रेची सुपारी, पुढे तंबू व नाट्यगृह, आणि त्यांबरोबर आलेले तिकीट ही त्या शोधाची फळे होत.

ह्या नव्या व्यवस्थेत फडमालक नावाची व्यक्ती पुढे आली. फडाचे अर्थकारण समजल्याखेरीज आजच्या रॅपगायकाचे अर्थकारण नीट उमगत नाही, म्हणून ते थोडे तपशिलाने पाहणे इष्ट आहे. तमाशाचा हंगाम साधारणतः दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना 'उचल' देतो. ही रक्कम कामातून फिटेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला असतो. उचलीसाठी लागणारा पैसा मालक पुष्कळदा सावकाराकडून व्याजाने काढतो, आणि गावोगावच्या यात्रा समित्यांकडून मिळणाऱ्या सुपाऱ्यांतून तो फेडतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे ऐन यात्रांच्या दिवसांत फडांच्या राहुट्या पडतात व गावकरी तेथे येऊन सुपारी ठरवितात; त्या जागेला 'तमाशापंढरी' असे नाव पडले आहे. पाऊस लवकर आला, एखादी यात्रा रद्द झाली, मुख्य कलावंत आजारी पडला, की सारा ताळेबंद कोसळतो. फडमालकाच्या मालकीचे काय असते? तंबू, वाहने, पेट्या, आणि माणसांना दिलेली उचल. गाणे त्याच्या मालकीचे नसते. ते एका फडाने सादर केले की दुसऱ्या फडाच्या तोंडी जाते.

पठ्ठे बापूराव ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे ब्राह्मण कुळात जन्मले. कुळकर्णीपणाची वाट सोडून ते तमाशात आले, फड उभा केला, पवळा हिवरगावकर हिच्या साथीने मुंबईच्या नाट्यगृहांत अमाप लोकप्रियता मिळविली. त्यांच्या लावण्यांत त्यांची नाममुद्रा ठळक आहे व त्या अनेक फडांनी गायिल्या. परंतु १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो हलाखीत. त्यांच्या रचना चलनात होत्या, पण त्या चलनातून रचनाकाराकडे काही परत येईल अशी कोणतीही वाट अस्तित्वात नव्हती. नाममुद्रेने कीर्ती राखली. द्रव्य राखण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते.

संगीत रंगभूमीवर हाच प्रश्न अधिक भव्य स्वरूपात दिसतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१३ साली गणेश बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. नटाने पगारी नोकरी सोडून मालक होण्याचा हा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात निर्णायक ठरला. काही वर्षांतच भागीदार अलग झाले, आणि मंडळीची मालकी व तिचे कर्ज ही दोन्ही बालगंधर्वांकडे आली. प्रयोगाचे वैभव जितके वाढले तितका खर्चही वाढला. बोलपट आल्यावर प्रेक्षक पांगला, आणि १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनाच दुसऱ्याच्या संस्थेत भूमिका करावी लागली. येथेही मालकी होती ती पडद्यांची, गालिच्यांची, वेषभूषेची व पगारपत्रकाची. रोज रात्री नव्याने निर्माण होणारे व रात्रीच नाहीसे होणारे गाणे हीच त्यांची खरी संपत्ती. ती तिजोरीत ठेवण्याजोगी नव्हती.

तात्पर्य, गायकाने मालक होणे महाराष्ट्रात जुनेच आहे. मात्र त्या मालकीचे स्वरूप देण्याचे होते, येण्याचे नव्हते. फडमालक व मंडळीमालक हे प्रयोगाचे धनी होते, कृतीचे नव्हते.

३

गाणे तिजोरीत ठेवण्याची सोय प्रथम ध्वनिमुद्रिकेने केली. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानातील आपली पहिली ध्वनिमुद्रणे केली, आणि १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून गाणे ही साठविण्याजोगी व पुन्हा पुन्हा विकण्याजोगी वस्तू झाली. परंतु ती वस्तू कंपनीची. गाणाऱ्याला बहुधा एकरकमी बिदागी मिळे.

कायद्याने ह्या स्थितीस दीर्घकाळ आधारच दिला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याखाली, चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या गीताचा प्रथम स्वामी निर्माता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. गायकाच्या हक्काची कायद्यात तरतूदच नाही, ह्याकडे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्याच वेळी लक्ष वेधले होते. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क प्रथम मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्या दुरुस्तीसाठी गीतकार जावेद अख्तर ह्यांनी राज्यसभेत आग्रह धरला, चित्रपटातील व ध्वनिमुद्रणातील गीताचा लेखक व संगीतकार ह्यांचा स्वामित्वधनातील वाटा अबाधित ठेवला. हा वाटा त्यांनी करारान्वये सोडून देतो म्हटले तरी तो सुटत नाही, हे ह्या दुरुस्तीचे मर्म आहे. गरजू रचनाकार उचल घेण्याच्या क्षणी काहीही लिहून देतो, ह्या अनुभवाची ती कायद्याने घेतलेली दखल होय.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. २०१२ साली दुरुस्ती झाली आणि २०१३ साली फर्नांडिस ह्यांचे 'ये मेरा बॉम्बे' हे गीत प्रसिद्ध झाले. रॅपमध्ये शब्द रचणारा व गाणारा बहुधा एकच असतो. म्हणून गीतलेखकाचा हक्क व सादरकर्त्याचा हक्क येथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतात. ज्या पिढीने रॅप हा पेशा म्हणून स्वीकारला, ती पठ्ठे बापूरावांना अप्राप्य असलेल्या कायद्याच्या छायेत आरंभापासून वावरली.

४

रॅपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क ह्याने तेथील एका इमारतीत केलेली मेजवानी हा हिपहॉपचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. गल्लीतील हा प्रकार १९७९ साली शुगरहिल रेकॉर्ड्सने तबकडीवर आणला व त्याचे व्यापारी सामर्थ्य उघड झाले. पुढील दोन दशकांत कृष्णवर्णीय रॅपगायकांच्या ध्यानी आले की नुसते गाणे विकून भागत नाही. लेबल, वस्त्रे, पेये ह्यांत भागीदारी हवी. जे-झी ह्याने १९९० च्या दशकात सहकाऱ्यांसह स्वतःचे लेबल काढले. ५० सेंट ह्याचा ज्या पेय कंपनीत हिस्सा होता ती कोका-कोलाने २००७ साली सुमारे ४१० कोटी डॉलरना विकत घेतली. रॅपगायकाचा उद्योजक होणे हे अमेरिकेत अपवाद न राहता एक रूढ सोपान बनले.

हिंदुस्थानात रॅपचा प्रवेश ह्या आर्थिक विचारासह झाला नाही. १९९२ च्या सुमारास बाबा सहगल ह्यांनी तो एक गमतीचा प्रकार म्हणून लोकप्रिय केला. पुढे तो हिंदी चित्रपटगीताचे एक अलंकरण झाला. गल्लीतील मुलाने स्वतःच्या भाषेत स्वतःचे जगणे सांगावे, हा रॅपचा मूळ धर्म येथे रुजण्यास आणखी दोन दशके लागली. त्यासाठी ध्वनिमुद्रणाची साधने स्वस्त व्हावी लागली, आणि यूट्यूबसारखे माध्यम हाती यावे लागले. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी ह्यांचे 'आफत' हे गीत २०१४ साली पुढे आले, त्याचे चित्रण आयपॅडवर झाले होते. ज्या कामासाठी पूर्वी स्टुडिओ व वितरक ह्यांच्या दारी जावे लागे, ते घरच्या घरी होऊ लागले.

५

फर्नांडिस ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत झाला. अंधेरी पूर्वेतील जे. बी. नगर परिसरात, आजीच्या छत्राखाली त्यांचे बालपण गेले. एका मित्राच्या अंगावरील ५० सेंटचे चित्र असलेल्या सदऱ्यामुळे त्यांचे लक्ष ह्या संगीताकडे वेधले गेले, असे त्यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे. योगायोग असा की ज्या गायकाचा सदरा पाहिला तो स्वतः रॅपगायकाच्या उद्योजकतेचे मूर्तिमंत उदाहरण होता. आरंभी फर्नांडिस इंग्रजीत व ख्रिस्ती भक्तिपर आशयाचे रॅप करीत. 'डिव्हाइन' ह्या नावाचे मूळ तेथे आहे. पुढे त्यांनी मुंबईच्या बोलीतील हिंदीचा अवलंब केला, आणि हा भाषाबदलच त्यांच्या यशाचे पहिले कारण ठरला.

२०१५ साली नेझींसह गायिलेले 'मेरे गली में' सोनी म्युझिकने प्रसिद्ध केले. स्वतंत्रपणे गाणे प्रसारित करणारा गायक आता एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या आधाराने गाऊ लागला. येथे लेबलच्या कराराचे सामान्य स्वरूप ध्यानात घ्यावे. कंपनी गायकाला आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा व प्रसिद्धीचा खर्च करते, आणि विक्रीतून प्रथम ही रक्कम वसूल करून घेते. ती वसूल होईपर्यंत गायकाच्या हाती पुढील हिस्सा येत नाही, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडे राहते. तमाशातील उचलीशी ह्या व्यवहाराचे साम्य इतके निकट आहे की शब्द तेवढे बदलले असे वाटावे. भेद एकच, पण मोठा आहे. उचल फिटली की फडमालकाच्या हाती उरते ते रिते वर्ष. आगाऊ रक्कम फिटली तरी लेबलच्या हाती ध्वनिमुद्रण उरते, व ते पुढील अनेक वर्षे उत्पन्न देत राहते. म्हणून फडमालक कर्जबाजारी होतो आणि लेबल श्रीमंत होते.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर ह्यांचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला. फर्नांडिस व नेझी ह्यांच्या जीवनावरून तो स्फुरला होता. त्यातील गाजलेल्या 'अपना टाइम आयेगा' ह्या गीताच्या लेखनात फर्नांडिस ह्यांचा अंकुर तिवारी ह्यांच्यासह सहभाग होता, आणि 'मेरे गली में' हे गीत चित्रपटात नव्याने ध्वनिमुद्रित झाले. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेलेला हा चित्रपट देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. परंतु चित्रपट हा निर्मात्याचा असतो. ज्याचे आयुष्य पडद्यावर येते त्याच्या वाट्याला कीर्ती येते. तिचे रूपांतर स्थायी संपत्तीत करणे हे त्याचे स्वतःचे काम असते, आणि त्यासाठी काळ फार थोडा असतो. बापूरावांना ते साधता आले नाही. फर्नांडिस ह्यांनी त्यासाठी कोणते पाऊल टाकले, हा पुढील भाग.

६

'गली गँग एंटरटेनमेंट' ह्या कंपनीची घोषणा २०१९ सालीच झाली. कीर्ती शिखरावर असतानाच संस्था उभी करावयाची, हा त्यामागील हिशेब स्पष्ट दिसतो. कंपनीचे काम अनेकांगी आहे. गायकांचे व्यवस्थापन करणे, गाणी प्रसिद्ध करणे, जाहीर कार्यक्रम घडवून आणणे, आणि नाममुद्रा असलेले कपडे विकणे. डी-ईव्हिल, शाह रूल, धारावीचे एमसी अल्ताफ अशा गायकांची नावे तिच्याशी जोडली गेली. म्हणजे फडमालकाची जवळजवळ सर्व कामे येथे आहेत. मात्र त्यांत फडमालकाला अपरिचित असे एक काम आहे, ते म्हणजे कृतीची मालकी सांभाळणे.

त्याच वर्षी अमेरिकेतील 'मास अपील' ह्या संस्थेने युनिव्हर्सल म्युझिकच्या साह्याने भारतात शाखा काढली, आणि तिचे पहिले करारबद्ध गायक फर्नांडिस हे होते. मास अपील १९९० च्या दशकात भित्तिचित्रकलेचे नियतकालिक म्हणून निघाली. पुढे नास ह्या विख्यात रॅपगायकाच्या सहभागाने ती ध्वनिमुद्रण संस्था बनली. नास हे 'गली बॉय' चित्रपटाचेही कार्यकारी निर्माते होते. ह्या संस्थेद्वारे 'कोहिनूर' २०१९ मध्ये, 'पुण्य पाप' २०२० मध्ये व 'गुनेहगार' २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ च्या 'द व्हाइट टायगर' चित्रपटासाठी विन्स स्टेपल्स व पुशा टी ह्या अमेरिकी रॅपगायकांसह त्यांनी गायिले.

ह्या घटनाक्रमावरून एक निष्कर्ष काढता येतो. फर्नांडिस ह्यांनी मोठ्या भांडवलाकडे पाठ फिरविली नाही. त्याच्याशी बोलणी करण्याची आपली जागा तेवढी बदलली. २०१५ साली ते कंपनीपुढे एकटे गायक म्हणून उभे होते. २०१९ नंतर ते स्वतः एक कंपनी म्हणून, आपल्या मागे इतर गायकांचा संच घेऊन उभे राहिले. वितरणाचे जाळे बहुराष्ट्रीय कंपन्यांचेच राहिले. ज्या माध्यमातून गाणी ऐकली जातात, त्यांपैकी एकही गायकांच्या मालकीचे नाही. म्हणून ह्या उद्योजकतेस स्वातंत्र्य न म्हणता सुधारलेल्या अटी म्हणणे अधिक यथार्थ होईल. पण अटी सुधारणे ही लहान गोष्ट नव्हे, हे मागील दीड शतकाचा इतिहास पाहता मान्य करावे लागते.

नाममुद्रेचेही येथे रूपांतर झालेले दिसते. रॅपगायक आपल्या कडव्यांत आपले नाव वारंवार घेतो. श्रोते ह्यास आत्मस्तुती समजतात. परंतु संतांच्या व शाहिरांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास त्यात कर्तृत्वाची जुनी खूण ओळखू येईल. फरक असा की तीच खूण आता सदऱ्यावर छापली जाते व विकली जाते. कर्तृत्वाची खूण मालकीची खूण बनली. तुकोबांची मुद्रा अभंगाला चोरीपासून जपते, विक्रीपासूनही जपते. रॅपगायकाची मुद्रा चोरीपासून जपते ती विक्रीसाठी.

७

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे यावयाचे. 'गली' हा शब्द कोणाचा? तो जे. बी. नगरचा आहे, कुर्ल्याचा आहे, धारावीचा आहे. त्या गल्ल्यांतील बोली, विनोद, संताप व स्मृती ह्यांपासून ही गाणी घडली. तमाशाच्या बाबतीतही असेच झाले होते. महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील स्त्रीपुरुषांनी जी कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तिच्यातून कीर्ती काही थोड्या नावांना मिळाली. पठ्ठे बापूरावांच्या चरित्रावर १९५० साली बोलपट निघाला. त्यांच्या कीर्तीला आधार देणाऱ्या असंख्य ढोलकीवाल्यांची, नाच्यांची व सुरत्यांची नावेही उरली नाहीत. गायक मालक झाला की वस्ती मालक होत नाही, हा इतिहासाचा दाखला आहे.

गली गँगचा दावा असा की कंपनीमुळे मागून येणाऱ्यांची वाट सुकर होते. हा दावा सर्वस्वी पोकळ नाही. एका गायकाच्या यशाचा उपयोग दुसऱ्याला व्यासपीठ देण्यासाठी होतो, हे कंपनीने पुढे आणलेल्या नावांवरून दिसते. पण येथेही फडाचा धडा विसरून चालणार नाही. कालचा उचल घेणारा आज उचल देऊ लागला, म्हणजे उचलीची पद्धत संपली असे होत नाही. मालक झालेला गायक आपल्या हाताखालील गायकांशी कोणत्या अटींवर करार करतो, आणि ते पुढे स्वतःच्या कृतींचे धनी होतात की नाही, ह्यावरून त्याच्या संस्थेचे मूल्यमापन व्हावे.

ह्याच शहरात दुसरा एक मार्गही चोखाळला गेला. 'स्वदेसी' ह्या गटाने व्यक्तीऐवजी समूह हे आपले एकक मानले. त्यांच्यातील एमसी मवाली मराठीतून रॅप करतात. २०१९ साली ह्या गटाने आरेतील आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर प्रकाश भोईर ह्यांच्यासह गीत केले. त्यात वस्ती ही गाण्याचा विषय होती, त्याचप्रमाणे गाणारीही होती. समूहाचा मार्ग कीर्तनाच्या आदर्शाला अधिक जवळचा. पण त्यापाशी भांडवल थोडे, आणि प्रसार मर्यादित.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. फर्नांडिस ह्यांची रचना मुंबईच्या हिंदीत आहे, मराठीत नाही; तथापि ज्या शहराच्या व्यवहारातून ती घडली, त्या शहराच्या सांस्कृतिक इतिहासातून तिला वगळता येणार नाही. मराठी रॅप व मराठी नृत्यसंगीत ह्यांनाही हेच अर्थकारण लागू आहे. २०२४ साली श्रेयस सागवेकर व क्रेटेक्स ह्यांचे 'तांबडी चामडी' गाजले, ते स्पिनिन रेकॉर्ड्स ह्या डच लेबलतर्फे. मराठी शब्द जगभर गेले ह्याचा आनंद रास्तच आहे. मराठी शब्दांचा बाजार मात्र नेदरलँड्सच्या वाटेने भरला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हंगामात फडाच्या सुपाऱ्या नारायणगावी ठरत. त्या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना मराठी माणूस होता.

८

वरील विवेचनाचे सार असे मांडता येईल. गाणाऱ्याने मालक होणे हा महाराष्ट्रातील जुना क्रम आहे. फड व नाटक मंडळी ह्यांनी तो पूर्वीच आखून दिला. फर्नांडिस ह्यांच्या प्रकरणातील नवेपणा त्यांच्या व्यक्तिगत धडाडीत आहे त्याहून अधिक मालकीच्या विषयात आहे. पूर्वीचा मालक प्रयोगाचा धनी होता आणि प्रयोगासोबत बुडत असे. आजचा मालक कृतीचा धनी होऊ शकतो, कारण तंत्राने कृती साठविता आली आणि कायद्याने, विशेषतः २०१२ च्या दुरुस्तीने, रचनाकाराचा वाटा राखला. ह्या दोहोंच्या अभावी त्यांचीही गत पठ्ठे बापूरावांसारखी झाली असती, असे समजण्यास जागा आहे. यशाचे श्रेय केवळ जिद्दीला देणारी चरित्रे म्हणूनच अपुरी ठरतात. ती वाचून गायनाकडे वळणाऱ्या तरुणाला जिद्द कळते, करार कळत नाही.

ह्यातून संशोधनाची एक दिशाही सुचते. लावण्यांची बाडे जमविण्यात आणि नाट्यपदांचे संपादन करण्यात मराठी अभ्यासकांनी मोठे परिश्रम केले आहेत. त्याच निष्ठेने फडांच्या उचलीच्या वह्या, मंडळ्यांचे जमाखर्च, यात्रा समित्यांच्या सुपारीच्या चिठ्ठ्या व ध्वनिमुद्रण कंपन्यांचे करारनामे जमविले गेले पाहिजेत. बाडांत गाणे सापडते. गाणाऱ्याचे पोट कसे भरले व का भरले नाही, हे वह्यांत सापडते. फडमालकांची जुनी पिढी आता थकत चालली आहे, वह्या रद्दीत जात आहेत, आणि नव्या गायकांचे करार तर कागदावरही राहिनासे झाले आहेत. हे साधन हातचे गेले, तर पुढील पिढीच्या इतिहासकाराला ह्या गायकांच्या केवळ नाममुद्रा वाचता येतील. त्यांच्या मालकीविषयी मात्र त्याला तर्कच करावा लागेल.